हाकेला ओ: संसारातलं रोजचं दुर्लक्ष कसं ओळखावं आणि कसं थांबवावं

दिवाळीच्या आधी रद्दी बांधायला बसले होते. मुलुंडच्या आमच्या घरात रद्दीची जागा पलंगाच्या कप्प्यात, त्यामुळे वर्षातून दोनदा ती उपसावीच लागते. पेपरच्या घड्या सारख्या करताना शब्दकोड्याचं पान वर आलं.

माझा नवरा सकाळी गाडीत पेपर वाचतो आणि शब्दकोडं सोडवतो. लग्न झाल्यापासूनची त्याची एक पद्धत होती. कोड्यातले दोन शब्द तो मुद्दाम रिकामे ठेवायचा आणि पेपर संध्याकाळी घरी आणून फ्रिजवर ठेवायचा. ते दोन शब्द माझे. पोळ्या झाल्या की पिठाच्या हातानेच मी ते भरायचे, कागदावर पांढरे ठसे उठायचे.

त्या दिवशी रद्दीतले मार्चचे पेपर पाहिले, दोन शब्द रिकामे. एप्रिलचे पाहिले, दोन शब्द रिकामे. मेमध्येही तेच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र कोडं पूर्ण भरलेलं, सगळं त्याच्याच निळ्या पेनाने. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ तो रोज माझ्यासाठी जागा सोडत होता आणि मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. मग त्याने जागा सोडणं थांबवलं. हे मला कळलं ऑक्टोबरात, सुतळी हातात असताना.

त्या वर्षी आमचं एकही मोठं भांडण झालं नव्हतं. मुलीची बारावी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझं बँकेतलं मार्च एंडिंग, सगळं पार पडत होतं. कुणी विचारलं असतं तर 'आमचं छान चाललंय' असंच म्हटलं असतं. आपल्याकडे सांगतात की भांड्याला भांडं लागायचंच. पण भांडं लागलं की आवाज तरी होतो. आमच्याकडे आवाजच नव्हता.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. त्या दिवसापासून मी जे वाचलं, घरी करून पाहिलं, मैत्रिणींच्या आणि बहिणीच्या संसारात पाहिलं, ते इथे क्रमाने मांडते आहे.

पहिली पायरी: हाक ओळखायला शिका

मराठीत 'हाकेला ओ देणं' म्हणतात, त्यातच सगळं आलं. नवरा-बायको दिवसभर एकमेकांना हाका मारत असतात, पण त्या हाकेसारख्या ऐकू येत नाहीत. 'आज गाडीला गर्दीच नव्हती.' 'हा पंखा आवाज करायला लागलाय का गं?' 'हे बघ, कसला व्हिडिओ आलाय.' 'समोरच्या बिल्डिंगला मचाण बांधलंय.' यातल्या कशालाच खरं तर उत्तराची गरज नसते. माणूस एवढंच विचारत असतो, तू आहेस ना इथे?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला. नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या ठेवलेल्या जागेत राहायला बोलावलं, त्यांचं साधं बोलणं-वागणं टिपून ठेवलं आणि सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. जी जोडपी तोवर एकत्र होती, त्यांनी जोडीदाराच्या अशा छोट्या हाकांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिलेला होता. ज्यांचा घटस्फोट झाला होता, त्यांनी फक्त ३३ वेळा. मोजलं होतं ते खिडकीबाहेर काहीतरी दिसल्यावर 'अरे बघ' म्हणणं आणि समोरच्याने मान वर करणं, अशा तऱ्हेचं काही. हे आकडे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रद्दीतले ते रिकामे चौकोन आले.

हाकेचं तीन प्रकारे काहीतरी होतं. एक, आपण ओ देतो. दोन, खेकसतो, 'दिसत नाही का काम करतेय?' तीन, काहीच करत नाही. 'हं' म्हणतो, नजर मोबाइलवर. मला वाटायचं की खेकसणं सगळ्यात वाईट. पण खेकसण्यातून निदान भांडण होतं, मग समजूत निघते. 'हं' मधून काहीच निघत नाही. समोरच्याला तक्रारही करता येत नाही, कारण तक्रार करण्याजोगं काही घडलेलंच नसतं. 'मी पंख्याबद्दल बोललो आणि तू नुसतं हं म्हणालीस' अशी तक्रार घेऊन कोण बसतं? माणूस फक्त पुढच्या वेळी पंख्याबद्दल बोलत नाही. तेव्हा स्वतःचा 'हं' तपासा.

दुसरी पायरी: आठवडाभर मोजा, पण फक्त स्वतःचं

एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोंद ठेवा. रोज रात्री पाच मिनिटं आठवायचं: आज मला किती वेळा हाक आली आणि मी काय केलं? जोडीदाराने किती वेळा ओ दिली नाही याची नोंद करायची नाही. ही अट मोडलीत तर वही म्हणजे आरोपपत्र होईल आणि पुढच्या भांडणात बाहेर येईल. माझ्या बहिणीने नेमकं तेच केलं होतं. दहा दिवसांची यादी तिने दाजींना वाचून दाखवली आणि पंधरा दिवस घरात अबोला होता.

माझी पहिल्या आठवड्याची नोंद अजून आहे. सोमवारी सहा हाका, ओ एक. बुधवारी चार, ओ दोन. शनिवारी तीन, ओ शून्य. आठवडा सरेल तसे हाकांचे आकडेच कमी होत गेले होते, ते मला सगळ्यात जास्त टोचलं.

वेळेकडेही लक्ष द्या. बहुतेकांचं दुर्लक्ष ठरावीक वेळी होतं. माझं व्हायचं संध्याकाळी साडेसात ते नऊ, स्वयंपाकाच्या वेळेत. आणि तो बोलायचाही नेमका तेव्हाच.

तिसरी पायरी: दारातली दहा मिनिटं

मुंबईत ही सगळ्यात अवघड वेळ असते. विरारच्या गाडीत चर्चगेटपासून उभ्याने आलेल्या माणसाकडून दारातच गोड बोलण्याची अपेक्षा करणं जुलूम आहे. आणि दिवसभर घरात एकट्याने म्हातारं माणूस आणि लहान मूल सांभाळलेल्या बाईने आणखी वीस मिनिटं गप्प राहावं हाही जुलूमच. दोघंही थकलेले, दोघांचंही बरोबर. मग काय करायचं?

आधी भेटायचं, मग विसावा घ्यायचा. दार उघडल्यावर एकमेकांकडे पाहून दोन वाक्यं बोलायची. 'आलास? आज उशीर झाला, काय झालं गाडीला?' एवढं पुरतं. त्यानंतर ज्याला शांतता हवी त्याने ती मागून घ्यायची: 'मला वीस मिनिटं दे, हातपाय धुतो, मग ऐकतो.' हे वाक्य म्हणजेसुद्धा ओच आहे, फक्त उशिराची. मात्र वीस मिनिटांनी आठवणीने यायचं आणि 'हां, काय सांगत होतीस?' असं आपणहून विचारायचं. दोनदा विचारायचं राहिलं की तिसऱ्यांदा ती वीस मिनिटं कुणी देत नाही.

सकाळच्या निघण्याचंही असंच. निघताना समोरच्याच्या आजच्या दिवसातली एक गोष्ट तरी ठाऊक हवी. ऑडिट आहे, दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय, मुलाच्या शाळेत मीटिंग आहे, काहीही. संध्याकाळी त्याचीच चौकशी करायची. दहा सेकंदांचं काम आहे, पण आपला दिवस कुणाच्या तरी लक्षात होता हे कळतं.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. जेवताना आणि अंथरुणावर तो हाताशी नको, एवढं पाळा. आमच्याकडे तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर चार्जिंगला असतो.

चौथी पायरी: 'मदत' हा शब्द घरातून काढा

दुर्लक्ष फक्त बोलण्याकडे होत नाही, कामाकडेही होतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात आढळलं की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि ती कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पावणेपाच तास आणि दीड तास. यात कामाची आठवण ठेवण्याचं ओझं मोजलेलं नाही. गॅस कधी नोंदवायचा, मावशी उद्या येणार नाहीत, सासूबाईंची बीपीची गोळी संपत आली, सोसायटीचं मेंटेनन्स भरायची शेवटची तारीख, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस. हे डोक्यात चालू असणाऱ्या बाईला 'सांग ना, करतो मी' म्हटलं तरी सांगायचं काम तिच्याकडेच उरतं.

म्हणून कामं तोडून वाटू नका, अख्खी द्या. 'औषधं आणशील का?' असं विचारू नका. औषधं ही तुझी, म्हणजे किती उरली ते पाहणं, चिठ्ठी शोधणं, दुकानात जाणं, डबीत भरणं, सगळं तुझं. आमच्याकडे औषधं, गॅस, वीजबिल आणि शनिवारचा स्वयंपाक त्याच्याकडे गेला. पहिल्या महिन्यात एकदा गोळी एक दिवस चुकली. माझ्या जिभेवर 'तरी मी म्हणत होते' आलं होतं, मी ते गिळलं. बायकांनी इथे थोडं धीराने घ्यायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे. काम दिलं की त्याची पद्धतही द्यावी लागते. त्याच्या खिचडीत मोहरी जास्त असते. असू दे.

आणि केलेल्या कामाची दखल घ्या. नवरा-बायकोत 'थँक यू' आपल्याला परकं वाटतं, 'आभारी आहे' तर सभेतलं वाटतं. पण मराठीत याचे आपले शब्द आहेत. 'बरं केलंस.' 'बरं झालं तू होतास.' 'तू केलंस म्हणून मला आज बसायला मिळालं.' हे शब्द आपण शेजाऱ्यांना सढळपणे देतो, घरच्या माणसापाशीच ते आटतात.

पाचवी पायरी: जागा शोधा

मुंबईतल्या संसाराची एक अडचण बाहेरच्यांना कळत नाही. वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहत असतील तर दोघांनी बोलायचं कुठे? हॉलमध्ये टीव्हीसमोर सासूबाई, आत मुलीचा अभ्यास, स्वयंपाकघराला दारच नाही. कुजबुजलं तर संशय, मोठ्याने बोललं तर तमाशा. वर्षानुवर्षं कितीतरी जोडपी फक्त कामाचं बोलतात, कारण बाकीचं बोलायला भिंती नसतात.

तेव्हा जागा घराबाहेर शोधा आणि ती आठवड्यात पक्की करा. आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकाच गाडीने परत येत होतो, तो त्याच्या डब्यात, मी लेडीजमध्ये, आणि उतरल्यावर आपापल्या रिक्षाच्या रांगेत. मग ठरवलं की मंगळवारी आणि शुक्रवारी मुलुंडला इंडिकेटरखाली एकमेकांसाठी थांबायचं आणि चालत घरी यायचं. अठरा मिनिटं लागतात, भाजी घेतली तर पंचवीस. दादर-माहीमकडच्यांना शिवाजी पार्कचा कट्टा आहे. सोसायटीची गच्ची बंद असेल तर सेक्रेटरींना किल्ली मागायला लाजू नका.

या वेळेचा एकच नियम आहे. कर्जाचा हप्ता, फी, आईवडिलांचं दुखणं, हे विषय तिथे नकोत. त्यासाठी रविवारी सकाळी हिशोबाचा वेगळा अर्धा तास ठेवा. सुरुवातीला दोघांनाही काय बोलावं ते सुचणार नाही. आम्ही पहिले तीन मंगळवार जवळजवळ गप्प चाललो. चौथ्या मंगळवारी त्याने सांगितलं की ऑफिसात त्याच्या हाताखालचा मुलगा त्याचा साहेब होऊन आलाय. ही गोष्ट सात महिने जुनी होती.

सहावी पायरी: तक्रार करा, पण नीट

तक्रारच करायची नाही असा अर्थ काढू नका. गिळलेली तक्रार हीसुद्धा दुर्लक्षाचीच दुसरी बाजू. फक्त तक्रार घडलेल्या गोष्टीची असावी, माणसाची नको. 'तू नेहमीच असा, तुला कशाचंच पडलेलं नाही' हा माणसावर शिक्का झाला. 'काल मी डॉक्टरांकडून आले आणि तू काही विचारलं नाहीस, मला वाईट वाटलं' ही तक्रार झाली. हिला उत्तर देता येतं.

संसार पोखरणाऱ्या चार सवयी गॉटमन यांनी सांगितल्या आहेत: माणसाला दोष देणं, तुच्छ लेखणं, सतत बचाव करणं आणि भिंत होऊन बसणं. यात तुच्छ लेखणं सगळ्यात घातक. पाहुण्यांसमोर 'तिला काय विचारता, तिला त्यातलं कळत नाही' म्हणणं, नवऱ्याच्या पगारावर बहिणींमध्ये टोमणा मारणं, बोलत असताना डोळे फिरवणं, हे लोक चेष्टा म्हणून करतात. ती चेष्टा नसते. आजपासून थांबवा, बाकी पायऱ्या नंतर घेतल्या तरी चालतील.

भांडणात डोकं तापलं, छाती धडधडायला लागली तर निदान वीस मिनिटं थांबा. पण 'मला तुझ्याशी बोलायचंच नाही' म्हणत दार आपटून जाऊ नका. 'आत्ता मला सुचत नाहीये, जेवणानंतर बोलू' असं सांगून जा आणि जेवणानंतर खरंच बोला. मतभेदाच्या वेळीसुद्धा टिकणाऱ्या जोडप्यांमध्ये एका कडू क्षणामागे पाच चांगले क्षण असतात असंही त्याच संशोधनात दिसलं. चांगला क्षण म्हणजे हातावर हात, 'हे तुझं पटतंय मला', किंवा मधेच उठून दिलेला पाण्याचा ग्लास.

सातवी पायरी: हे दुर्लक्षच आहे ना, याची खात्री करा

इथे घाई करू नका. कधी कधी माणूस ओ देत नाही कारण त्याच्यात बळच उरलेलं नसतं. झोप उडालीय, भूक गेलीय, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही असं काही आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मारहाण, धमक्या, पैसे अडवून ठेवणं, माहेरच्यांशी बोलू न देणं हे दुर्लक्ष नव्हे, ती हिंसा आहे. तिथे हा लेख लागू पडत नाही, तिथे अधिक प्रेमाने ओ देऊन काही सुधारत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मुंबईत पोलीस यंत्रणेबरोबर काम करणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये त्यांची सुरुवात इथेच केली.

या दोन्हींत न बसणारं, पण दोघांच्याने सुटत नसलेलं असेल तर विवाह समुपदेशकाकडे जा, आणि लवकर जा. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात, पण तिथवर पोचलेली जोडपी बहुतेक वेळा वकील करून आलेली असतात. 'लोक काय म्हणतील' यापायी पाच-सहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत.

आठवी पायरी: समोरून ओ आली नाही तर

ही पायरी मला सगळ्यात जड गेली. तुम्ही बदलता, आणि समोरच्याला ते दिसतच नाही. किंवा दिसतं आणि त्याला संशय येतो, 'आज काय विशेष?' यात त्याची चूक नाही. महिनोन्महिने हाका मारून जो गप्प झालाय, तो आपण दोन दिवस ओ दिली म्हणून पुन्हा हाक मारायला लागत नाही. तो वाट बघतो की हे किती दिवस टिकतंय.

दोन महिने तरी हिशोब न ठेवता चालू ठेवा. 'मी एवढं करतेय आणि तू?' हे वाक्य या काळात बोलायचं नाही. त्याऐवजी एकदा, शांत वेळी, आपली चूक नाव घेऊन सांगा. 'माझं लक्ष नव्हतं' एवढं मोघम नको, नेमकं सांगा. मी रद्दीतले ते पेपर बाजूला काढून ठेवले होते. सासूबाई झोपल्यावर टेबलावर मांडले आणि म्हटलं, 'हे मी पाहिलेच नाहीत रे.' तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, 'राहू दे गं, तुला वेळ नव्हता,' आणि उठून बेसिनपाशी गेला. त्याला रागावता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दोन महिन्यांनंतरही काहीच हललं नाही तर सरळ विचारा: 'आपल्यातलं बोलणं कमी झालंय असं तुला वाटतं का? मला वाटतं.' आणि उत्तर काहीही आलं तरी ते पूर्ण ऐका.

आमच्याकडे मी दुसऱ्या दिवसापासून उलट केलं. सकाळी चहा होताना पेपर आधी मी घ्यायला लागले, जमेल तेवढं कोडं भरायचे आणि दोन शब्द रिकामे ठेवून तो त्याच्या बॅगेत सरकवायचे. संध्याकाळी पेपर परत यायचा तेव्हा ते दोन शब्द तसेच असायचे. मी काही विचारलं नाही. सहा आठवडे असंच चाललं. सातव्या आठवड्यात, बुधवारी, फ्रिजवरच्या पेपरात उभा शब्द क्रमांक चौदा भरलेला होता, निळ्या पेनाने. पाच अक्षरी शब्द होता आणि त्याने तो चुकवला होता, आडव्या शब्दाशी जुळत नव्हता. मी पिठाचे हात तसेच ठेवून विचारलं, 'हे शेवटचं अक्षर असं कसं येईल?' तो आतून म्हणाला, 'थांब, येतो, दाखवतो.'